फोडणीचा रंग

भिवंडीत यंत्रमागांच्या कारखान्यांना लागून असलेल्या पुष्कळ खोल्यांत ओट्यामागे जेमतेम वीतभर टाइल असते. त्यावर उघडी भिंत. तिला कुठला रंग द्यायचा, हे बहुतेक वेळा दुकानातल्या रंगपट्टीवर ठरतं. खरं तर ते कढईत ठरायला हवं.

मोहरी तडतडते, कारण दाण्यातल्या पाण्याची वाफ होते आणि वाफेला पाण्याच्या सुमारे १७०० पट जागा लागते. ओला कढीपत्ता तेलात पडला की तेच, जरा जोरात. उडालेले मोठे थेंब ओट्यावर किंवा टाइलवर पडतात आणि पुसले जातात. डोळ्यांना न दिसणारे बारीक थेंब मात्र गरम हवेबरोबर वर चढतात आणि गार भिंतीला चिकटतात. म्हणून माळ्याच्या फळीलाही हात लावला तर चिकट लागतं.

तिथे तेल फार काळ तेल राहत नाही. सूर्यफूल आणि सोयाबीनच्या तेलातल्या असंतृप्त साखळ्या हवेतला ऑक्सिजन घेऊन एकमेकींत गुंततात आणि पिवळसर, चिवट थर तयार होतो. जवसाच्या तेलात ही क्रिया आणखी वेगाने होते. चित्रकारांचे तैलरंग असेच वाळतात. खोबरेल बहुतांशी संतृप्त, ते असं वाळत नाही. म्हणजे स्वयंपाक करता करता आपण भिंतीला रोज एक हात वार्निश देत असतो! भिवंडीत ते वाळायच्या आत त्यावर हवेतले कापसाचे तंतू येऊन बसतात.

डिस्टेंपर या माऱ्यापुढे टिकत नाही. त्यात भुकटी जास्त आणि तिला बांधून ठेवणारा पदार्थ कमी, त्यामुळे मध्ये सूक्ष्म छिद्रं राहतात. तेल आत मुरतं आणि घासलं की फडक्यावर रंगच येतो. चुन्याचा हिशेब वेगळा होता. तो हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन घट्ट होतो, पण कोणी तो धुवायला जात नसे. चुलीच्या काजळीवर दिवाळीआधी नवा हात मारला की झालं.

मग ऑइल पेंट? त्याचा पापुद्रा बंद असतो, तेल वरच राहतं. पण तो ज्या रेझिनचा बनतो त्याच्या मुळाशीही तेलच. नवं किंवा ओलं सिमेंटचं प्लास्टर तीव्र अल्कधर्मी असतं, ते या तेलाचा अक्षरशः साबण करतं आणि पोपडे सुटतात. धुण्याच्या सोड्याने रोज घासलं तरी तोच धोका. शिवाय भिवंडीच्या पावसात बाहेरून ओल शिरते, तिला बाहेर पडायला वाट मिळत नाही आणि फुगे येतात. आतली ओलही कमी नाही: १४.२ किलोचा गॅस सिलिंडर जळून संपेपर्यंत त्यातून सुमारे २२ लिटर पाणी वाफेच्या रूपाने हवेत जातं.

माझा कौल धुता येणाऱ्या, किंचित चकाकीच्या अ‍ॅक्रिलिक इमल्शनला. अल्कलीला ते पुरून उरतं, आणि झगझगीत नसल्याने भिंतीचे उंचवटे उठून दिसत नाहीत. मात्र आधी गळती बुजवायची, भिंत वाळू द्यायची, तेलकट थर सोड्याच्या पाण्याने काढून स्वच्छ धुवायचा, मग प्रायमर. जुना ऑइल पेंट कोरडा घासू नये. घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या थरांत शिसं बरंच असू शकतं. पाणी लावून घासावं, आणि त्या वेळी मुलं घरात नकोत.

स्वस्त म्हणून पीव्हीसीचे पत्रे शेगडीमागे लावू नयेत. पीव्हीसी ८० अंश सेल्सिअसच्या आसपासच नरम पडतं. घर स्वतःचं असेल तर सरळ टाइलच आणखी दोन फूट चढवावी. तिच्या काचेसारख्या थरात तेल शिरत नाही, फक्त सांध्यांतलं सिमेंट काळवंडतं. भाड्याच्या खोलीत शेगडीमागे स्टेनलेस स्टीलचा पत्रा स्क्रूने बसवून घ्यावा. खोली सोडताना तो काढून नेता येतो.