कावीळ दिसेपर्यंत थांबू नका

पुणेकर श्वानपालकांनो, २५ जुलै २०२४ ला सिंहगड रोडच्या एकतानगरीत मुठेचं पाणी घुसलं, ते आठवतंय? अशा पाण्यात उंदरांचं मूत्र मिसळतं आणि त्यातून लेप्टोस्पायरोसिस पसरतो. अर्थात पूरच हवा असं नाही; पार्किंगमधलं डबकंही पुरतं.

ताप, उलट्या, जेवण सोडणं, अंग दुखणं, लघवी फार किंवा अगदी कमी होणं, ही लक्षणं. ‘पोट बिघडलं असेल’ म्हणून दोन दिवस दहीभातावर काढले जातात, तिथेच घात होतो. क्रिएटिनिन, लिव्हर एन्झाइम्स, प्लेटलेट्स तपासा. पहिल्या आठवड्यात रक्ताची आणि नंतर लघवीचीही पीसीआर चाचणी होते. नमुना शक्यतो अँटिबायोटिकआधी घ्यावा. रक्तातल्या अँटिबॉडी मोजणारी मॅट चाचणी दोन ते चार आठवड्यांनी पुन्हा करतात, कारण लसीमुळेही टायटर, म्हणजे अँटिबॉडींचं प्रमाण, वाढतो.

उपचार मात्र रिपोर्टसाठी थांबवत नाहीत. सलाइन, उलट्या असतील तर इंजेक्शनने पेनिसिलिन गटातलं औषध, मग दोन आठवडे डॉक्सिसायक्लिन. किडनी फारच बिघडली तर डायलिसिस.

हा आजार माणसालाही होतो, म्हणून लघवी पुसताना हातमोजे घालाच. रेबीजच्या लशीने यापासून संरक्षण मिळत नाही. लेप्टोची लस दरवर्षी लागते; कार्ड आजच तपासा.