यंत्रनिरपेक्ष आज्ञावली-संग्रह आणि भाषेची रचना

एका संगणकावर अचूक ठरलेली आज्ञावली दुसऱ्या संगणकावर तितकीच विश्वसनीय ठरेल काय, हा प्रश्न वरवर पाहता केवळ व्यवहाराचा वाटतो. परंतु सूक्ष्म विचार केला असता तो भाषेच्या रचनेचाच प्रश्न आहे, असे दिसून येईल. भाषेची व्याख्या जेथे मौन पाळते, तेथे यंत्र आपल्या स्वभावानुसार उत्तर देते. आणि यंत्रांचे स्वभाव भिन्न असतात.

आल्गोल ६० या भाषेच्या १९६० च्या अहवालात आदान-प्रदानाची कोणतीही सोय सांगितलेली नव्हती. वास्तव संख्यांचे अंकगणित तर मर्यादित अचूकतेचेच समजावे, असे स्पष्ट म्हटले होते. या मौनाचा परिणाम एका उदाहरणाने ध्यानात येईल. समीकरणाचे मूळ काढताना लागोपाठच्या दोन आसन्न मूल्यांतील सापेक्ष अंतर १०⁻¹⁰ पेक्षा कमी होताच थांबावे, अशी अट घातली आहे असे समजू. सीडीसी ६६०० या यंत्रात संख्येच्या सार्थ भागास ४८ द्विमान अंक, म्हणजे सुमारे १४ दशमान अंक मिळत. तेथे ही अट योग्यच होय. आयबीएम ३६० च्या एकेरी अचूकतेत मात्र षोडशमान पद्धतीचे सहाच अंक असत. तेथे आसन्न मूल्ये दोन शेजारच्या संख्यांत आंदोलत राहिली, तर आज्ञावली कधीच थांबणार नाही. भाषेच्या दृष्टीने दोष कोठेच नाही; तरीही संशोधकाच्या हाती उत्तर येत नाही.

बेल प्रयोगशाळेच्या ‘पोर्ट’ या संग्रहाच्या कर्त्यांनी (१९७८) यावर एक मार्मिक तोडगा काढला. सर्वाधिक संख्या, लघुतम धन संख्या, सापेक्ष अंतर इत्यादी यंत्रविशिष्ट स्थिरांक त्यांनी तीन लहान फलनांत एकवटले आणि उर्वरित संग्रह फोरट्रानच्या सर्वमान्य अशा उपभाषेत लिहिला. यंत्र बदलले की केवळ ती तीन फलने बदलावयाची. भेद नाहीसा झाला नाही. त्याला एक निश्चित स्थान मिळाले. पुढे फोरट्रान ९० मध्ये अशी पृच्छा-फलने भाषेचाच भाग झाली. संग्रहाच्या गरजेतून भाषा घडली, ती अशी.

याच्या उलट मार्ग म्हणजे भेदच नाकारणे. १९८५ च्या आयईईई ७५४ मानकामुळे हा मार्ग शक्य कोटीत आला व १९९५ मध्ये जावा या भाषेने तो स्वीकारला. परंतु इंटेलच्या तत्कालीन गणन-एककांत मधली मूल्ये ८० द्विमान अंकांच्या कोशांत ठेवली जात; त्यांच्याकडून काटेकोर फल मिळविणे वेळखाऊ होते. म्हणून १९९८ मध्ये जावाला हा नियम शिथिल करावा लागला. नव्या प्रक्रियकांत ती अडचण उरली नाही, तेव्हा २०२१ च्या १७ व्या आवृत्तीत मूळचा काटेकोरपणा पुनः प्रस्थापित झाला.

सारांश, यंत्रभेद भाषेने मिटवावा किंवा त्याची विचारणा करण्याचे साधन तरी द्यावे. मिटविण्याची किंमत यंत्रास वेग गमावून द्यावी लागते. विचारणेची किंमत लेखकास सावधपणा राखून. भाषेने मौन पाळले, तर मात्र ती किंमत संग्रहाच्या अनभिज्ञ उपयोजकावर पडते, आणि तीही बहुधा त्याच्या नकळत.