नळ्यांची बातमी आणि रस्त्यावरची गर्दी

अमेरिकेने इराकवर हल्ला केला तो २० मार्च २००३ रोजी. त्याच्या महिनाभर आधी, १५ फेब्रुवारीला, जगभरातल्या शेकडो शहरांत लोक या युद्धाविरुद्ध रस्त्यावर उतरले होते. लंडनच्या मोर्चात पोलिसांच्या अंदाजाने साडेसात लाख माणसे होती. आयोजकांचा आकडा त्याच्या दुपटीहून अधिक होता. अमेरिकी वाहिन्यांनी ही गर्दी दाखवली, पण तिचे म्हणणे काय आहे ते फारसे विचारले नाही. माध्यमांवर नजर ठेवणाऱ्या ‘फेअर’ या संस्थेने या मोर्चांच्या आधीच्या दोन आठवड्यांची, चार वाहिन्यांची मुख्य बातमीपत्रे तपासली. इराकविषयीच्या बातम्यांत पडद्यावर बोललेल्या ३९३ जणांत युद्धविरोधी चळवळीतले अवघे तिघे निघाले. बहुसंख्य होते आजी-माजी सरकारी अधिकारी.

विरोधकांचा प्रश्न साधा होता : इराककडे महासंहारक अस्त्रे असल्याचा पुरावा कुठे आहे? तो पुरावा कसा तयार होत होता, हे एका बातमीवरून कळते. ८ सप्टेंबर २००२ च्या रविवारी ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने पहिल्या पानावर छापले की, इराक हजारो अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्या मिळवायच्या खटपटीत असून त्या युरेनियम समृद्ध करणाऱ्या यंत्रांसाठी आहेत. माहिती देणारे अधिकारी निनावी होते. त्याच सकाळी उपाध्यक्ष डिक चेनी एनबीसीवर मुलाखतीला बसले आणि त्यांनी याच बातमीचा हवाला दिला. सरकारने पुरवलेली माहिती वर्तमानपत्राचा शिक्का घेऊन सरकारकडेच परत आली. या नळ्या साध्या रॉकेटांसाठीच अधिक योग्य आहेत, असे अमेरिकेच्याच ऊर्जा खात्यातले तज्ज्ञ म्हणत होते. ते मत त्या दिवशीच्या बातमीत नव्हते.

सगळेच पत्रकार या ओघात वाहून गेले, असे मात्र नाही. ‘नाइट रिडर’ या वृत्तपत्रसमूहाचे जोनाथन लँडे आणि वॉरन स्ट्रोबेल मंत्र्यांऐवजी गुप्तचर आणि संरक्षण खात्यांतल्या मधल्या फळीला गाठत होते, आणि त्यांच्या बातम्यांत शंका उमटत होत्या. अडचण अशी की वॉशिंग्टन किंवा न्यूयॉर्कमध्ये या समूहाचे वर्तमानपत्रच नव्हते. ज्यांनी वाचायला हवे त्यांच्या टेबलावर त्या बातम्या पोहोचत नसत. दूरचित्रवाणीवर तर वातावरण आणखी आवळलेले होते. एमएसएनबीसीने फेब्रुवारी २००३ मध्ये युद्धविरोधी सूत्रसंचालक फिल डोनाह्यू यांचा कार्यक्रम बंद केला. युद्धकाळात हा चेहरा वाहिनीला अडचणीचा ठरेल, अशा आशयाची अंतर्गत टिपणी नंतर बाहेर आली.

युद्ध सुरू झाल्यावर शेकडो पत्रकार सैन्याच्या तुकड्यांबरोबरच राहू लागले. मग युद्ध दिसले ते बहुतेक रणगाड्याच्या बाजूने. ९ एप्रिलला बगदादच्या फिरदौस चौकात सद्दाम हुसेन यांचा पुतळा पडला तेव्हा जवळून टिपलेल्या दृश्यांत चौक माणसांनी फुललेला वाटे; लांबून घेतलेल्या दृश्यांत मोकळी जागाच जास्त होती. पुतळा ओढून पाडला तो अमेरिकी लष्करी वाहनाने.

अस्त्रांचे साठे सापडलेच नाहीत. २६ मे २००४ रोजी ‘टाइम्स’ने वाचकांसाठी संपादकीय निवेदन छापून आपल्या काही बातम्यांची पुरेशी छाननी झाली नव्हती, असे मान्य केले. ते छापले आतल्या पानावर. २००८ मध्ये याच वर्तमानपत्राने आणखी एक गोष्ट उघड केली : वाहिन्यांवर स्वतंत्र तज्ज्ञ म्हणून बोलणाऱ्या अनेक निवृत्त लष्करी अधिकाऱ्यांना पेंटागॉन मुद्दे पुरवत होते, आणि त्यांच्यातल्या कित्येकांचे हितसंबंध संरक्षण कंत्राटदारांशी जोडलेले होते. डेव्हिड बार्स्टो यांच्या या वृत्तांताला पुढच्या वर्षी पुलित्झर पारितोषिक मिळाले.