पाहुण्यांचं घर, इंदापूरच्या मातीतलं

मित्रहो, ‘सस्टेनेबल आर्किटेक्चर’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? गच्चीवर सोलर पॅनेल, दारात चार कुंड्या आणि गेटवर हिरवी पाटी! पण समजा, उद्या कुणी तुमच्याकडे आलं आणि म्हणालं, "इंदापूर तालुक्यात, उजनीच्या काठावर वीस माणसांचं अतिथीगृह बांधायचंय. शांत हवं, गावाला आपलं वाटायला हवं, आणि एसी नको." तर सुरुवात कुठून कराल? उत्तर आपल्याच आजूबाजूला आहे, फक्त ते थोडं तपासून घ्यावं लागतं. ते कसं, तेच या लेखात पाहू.

पाहुणचार इथे नवा नाही

तुकोबांची पालखी दरवर्षी बारामतीहून सणसर, निमगाव केतकी, इंदापूर, सराटी अशी पुढे जाते. त्या दिवसांत इथली घरं, ओसऱ्या, देवळं, शाळा सगळीच अतिथीगृहं होतात. तालुक्याच्या टोकाला, नीरा-भीमेच्या संगमावर नीरा नरसिंहपूर आहे. तिथला घाट आणि देऊळ पाहिलं की यात्रेकरूला सावली, पाणी आणि बसायला जागा देणं हेच बांधकामाचं पहिलं काम होतं हे लक्षात येतं. आणि आजचं उदाहरण म्हणजे भिगवणजवळचं कुंभारगाव. हिवाळ्यात रोहित पक्षी येतात, त्यांच्यामागे कॅमेरेवाले येतात. इथले मच्छीमार त्यांना होडीतून फिरवतात, घरी नेऊन माशाचं जेवण घालतात.

म्हणजे पाहुणे आहेत, यजमानही आहेत. प्रश्न आहे तो इमारतीचा. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. अशा ठिकाणी पातळ विटेची भिंत आणि वर उघडा स्लॅब टाकला, की खोली संध्याकाळी भट्टी होते. मग एसी, मग जनरेटर, मग त्याचा आवाज. शांतता गेलीच, पक्षीही गेले!

काळी आणि पांढरी

जुन्या माणसांच्या बोलण्यात दोन शब्द येतात: काळी आणि पांढरी. काळी म्हणजे शेतजमीन, पांढरी म्हणजे गावठाण. हे नुसतं रंगाचं वर्णन नाही, पक्कं सॉइल मेकॅनिक्स आहे. काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट हे खनिज असतं. ते पाणी प्यायलं की फुगतं, वाळलं की आकसतं. उन्हाळ्यात शेताला पडणाऱ्या भेगा आपण पाहतोच. त्याच भेगा मग भिंतीत दिसतात. पांढरी माती चुनखडीयुक्त, कमी फुगणारी, म्हणून घरं तिच्यावर आणि तिचीच.

उजनी धरण १९८० साली पूर्ण झालं आणि भीमाकाठची कितीतरी जुनी गावं पांढरीसकट पाण्याखाली गेली. पळसदेवचं जुनं देऊळ पाणी फार खाली गेलं की अजूनही बाहेर दिसतं. त्यामुळे आज काठावर जो प्लॉट मिळेल तो बहुधा काळ्या मातीचा असणार. म्हणून पहिला नियम: काळी माती उकरून मुरमापर्यंत जा, किंवा अंडर-रीम्ड पाइल घ्या. इथे पैसे वाचवले तर पुढचं सगळं शहाणपण वाया!

माळवद: फायदा आणि धोका

इंदापूर-सोलापूरपासून मराठवाड्यापर्यंत जुन्या घरांना माळवद असे. लाकडी खांब, तुळया, त्यावर फळ्या किंवा काटक्या आणि वर मातीचा जाड थर. भिंती दोन-दोन फूट रुंद. दुपारची उष्णता अशा भिंतीतून आत पोचायला साधारण दहा-बारा तास लागतात. तोवर बाहेर रात्र होऊन हवा गार झालेली असते. म्हणजे वीज न लागणारा एसीच म्हणा ना.

मग तसंच्या तसं बांधायचं का? नाही. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आठवा. किल्लारीच्या भूकंपात हजारो माणसं गेली, ती बहुतांशी दगड-मातीच्या भिंती आणि जड माळवदं अंगावर कोसळून. साधा हिशोब करू. गळती नको म्हणून दरवर्षी नवी माती टाकत टाकत थर अर्धा मीटर झाला, तर दर चौरस मीटरला सुमारे ८०० किलो वजन. दहा बाय बाराच्या खोलीवर जवळजवळ नऊ टन! आणि त्याखाली झोपलेली माणसं. म्हणून जुन्यातलं घ्यायचं ते तत्त्व, वजन नाही.

मग बांधायचं कसं?

भिंतीसाठी जागेवरचाच मुरूम चाळून, त्यात पाच ते आठ टक्के सिमेंट मिसळून हाताच्या प्रेसवर ब्लॉक पाडता येतात. भट्टी नाही, जळण नाही, आणि गावातल्याच माणसांना काम. दगड वापरलाच तर भिंतीची दोन्ही तोंडं जोडणारे आरपार दगड हवेत. जोतं, लिंटेल आणि छप्पर या तीन पातळ्यांवर आरसीसीचे सलग पट्टे हवेतच हवेत. किल्लारीचा हाच धडा आहे.

छतासाठी लॉरी बेकर (१९१७–२००७) यांची फिलर स्लॅब पाहा. गांधीजींच्या भेटीनंतर या इंग्रज आर्किटेक्टनं भारतात राहून स्वस्त घरं बांधण्यात आयुष्य घातलं. स्लॅबच्या खालच्या भागातलं काँक्रीट ताण घेत नाही, तो सळई घेते. मग तिथलं थोडं काँक्रीट काढून मंगलोरी कौलं भरली तर? स्लॅब हलका होतो, सिमेंट वाचतं. वर पांढऱ्या चिनीमातीच्या तुकड्यांचा थर दिला की ऊन परतवलं जातं. शिवाय त्यांची रॅट-ट्रॅप पद्धत: विटा उभ्या लावून मध्ये पोकळी सोडायची. विटा सुमारे पाव हिश्श्यानं वाचतात आणि पोकळीतली हवा उष्णता अडवते.

पण कॉपी मारताना सावध! पालघर जिल्ह्यात वाडा तालुक्यात गालतरे इथे गोवर्धन इकोव्हिलेज आहे. तिथली अतिथीगृहं दाबलेल्या मातीच्या ब्लॉकची आहेत, बघण्यासारखी. पण तिथे पाऊस दोन हजार मिलिमीटरहून जास्त, आपल्याकडे पाचशेच्या आसपास. तिथल्या इमारतीला चिंता पावसाची, आपल्याला उन्हाची. तत्त्व न्या, ड्रॉइंग नको.

पाण्याचा हिशोब

समजा २०० चौरस मीटर छत आहे. पाऊस ५०० मिमी, त्यातलं ८० टक्के हाती लागलं, तर वर्षाला ८०,००० लिटर. वीस पाहुण्यांनी रोज शंभर-शंभर लिटर वापरलं तर हे पाणी फक्त चाळीस दिवस पुरेल. पण तेच पिण्या-स्वयंपाकापुरतं, माणशी सात लिटर धरलं, तर घर रोज भरलेलं असूनही वर्षभर पुरून उरतं. आकडा तोच, वापर वेगळा.

अंघोळीचं पाणी कर्दळीच्या वाफ्यातून झाडांना द्यायचं. संडासचं पाणी मात्र प्रक्रिया न करता उजनीत एक थेंबही जाता कामा नये. सोलापूर शहर हेच पाणी पितं आणि कुंभारगावचा मच्छीमार त्यावरच जगतो. पाहुण्यांच्या घाणीनं यजमानाचे मासे मेले, तर कसलं सस्टेनेबल?

माणसं एकत्र कधी येतात?

हे होस्टेलवाल्यांना वेगळं सांगायला नको. आपली खरी ओळख खोलीत होते की मेसच्या रांगेत आणि जिन्याच्या पायऱ्यांवर? अतिथीगृहातही तसंच. खोल्या लहान, ओसरी मोठी. मध्ये चौक, त्यात कडुलिंब. स्वयंपाकघर एकच, आणि ते गावातल्या बायकांच्या बचत गटाच्या हाती. रस्त्याकडे ओटा असा, की गावातला म्हाताराही परवानगी न विचारता टेकेल. दिवे कमी आणि खाली तोंड केलेले, म्हणजे पक्ष्यांना त्रास नाही आणि आपल्याला चांदणं दिसेल. यातल्या कशालाही जादा खर्च नाही, फक्त प्लॅन काढताना आधी माणसांचा विचार करावा लागतो.

तेव्हा मित्रहो, पुढच्या वेळी प्रोजेक्टसाठी नेटवर विषय शोधण्याआधी एक रविवार काढा. बारामती-इंदापूर एसटी पकडा, एखादं जुनं माळवदाचं घर आतून पाहा, भिंतीची जाडी टेपनं मोजा, दुपारी दोन वाजता आतलं आणि बाहेरचं तापमान लिहून आणा. आणि घरातल्या आजीला विचारा, माळवद कुठे गळतं आणि का. तुमच्या रिपोर्टचं पहिलं प्रकरण तिथेच लिहून होईल.