मॅकिनॉ पुलावर अम्मी

मिशिगनला आपांकडे होतो, तेव्हा लेबर डेला, म्हणजे सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी, आम्ही मॅकिनॉ पूल पायी ओलांडला. पूल १९५७ साली खुला झाला. पुढच्याच वर्षी ही चाल सुरू झाली. अंतर ८ किलोमीटर.

फजर अदा करून निघालो. अम्मींच्या बुरख्यावरून कोणी काही बोलेल, ही धास्ती आमची. अम्मींना भीती होती ती मधल्या लेनच्या लोखंडी जाळीची. जाळीतून सुमारे २०० फूट खाली पाणी दिसते.

अम्मी थबकल्या. शेजारच्या गोऱ्या आजींनी खाली बोट दाखवून डोळे घट्ट मिटले. त्यांचीही तीच गत! दोघी हात धरून कडेकडेने चालल्या. भाषा कुठे येत होती एकमेकींची?

पलीकडे गर्दीत हात सुटले. अम्मी अजून म्हणतात, "तिचं नाव विचारायचं राहिलं गं."