भाद्रपद ते ज्येष्ठ : बेवारस कुत्रा आणि दत्तकाची रीत

‘बेवारस’ आणि ‘दत्तक’ हे दोन्ही शब्द मराठीत वारसाहक्काच्या व्यवहारातले आहेत. ज्यावर हक्क सांगायला कोणी पुढे येत नाही ते बेवारस, आणि ज्याला रीतसर घरात आणून नाव, छप्पर आणि वाटा दिला तो दत्तक. कुत्र्याच्या संदर्भात हे शब्द वापरले जातात तेव्हा त्यांचा अर्थ थोडा सरकतो, कारण गावातल्या बहुतेक कुत्र्यांना घर नसले तरी आळी असते, मालक नसला तरी शिळी भाकरी टाकणारे हात ठरलेले असतात, आणि परका कुत्रा शिरला की त्यांची हद्द कुठवर आहे हे साऱ्या गल्लीला कळते. अशा कुत्र्याला उणीव असते ती जबाबदार माणसाची, म्हणजे लस टोचून घेणाऱ्या, जखम धुणाऱ्या, पिल्लांची संख्या आवरणाऱ्या आणि चावा घेतल्यास जाब देणाऱ्या माणसाची. केंद्र सरकारच्या २००१ च्या नियमांनी या प्राण्याला रस्त्यावरचा कुत्रा म्हटले होते; २०२३ च्या नियमांनी त्यासाठी ‘समुदाय प्राणी’ अशी संज्ञा आणली आणि तो एकट्या कोणाचा नसून वस्तीचा आहे, ही गावांना पूर्वीपासून ठाऊक असलेली गोष्ट कायद्याच्या भाषेत मांडली.

हिंगोली जिल्ह्यातील कनेरगाव नाका हे या प्रश्नाकडे पाहण्यास सोयीचे ठिकाण आहे. वाशीम आणि हिंगोली यांच्या दरम्यान, पैनगंगेच्या परिसरात, मराठवाडा आणि विदर्भ यांच्या शिवेवर हे गाव वसले असून निजामाचे राज्य आणि इंग्रजी अमलाखालील वऱ्हाड यांची हद्द याच भागातून जात असे. अकोल्याहून वाशीम, हिंगोली, नांदेडमार्गे तेलंगणातील संगारेड्डीकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक १६१ आणि अकोला–पूर्णा लोहमार्ग हे दोन्ही या टापूतून जातात. नाका म्हटला की थांबा आला, थांब्यामागून चहाची टपरी, ढाबा आणि मटणाचे दुकान आले, आणि जेथे उष्टे पडते तेथे कुत्रे आलेच; त्यामुळे रस्त्याकाठच्या अशा वस्त्यांत कुत्र्यांची संख्या घरांच्या संख्येवरून ठरत नाही, ती उकिरड्यावरून आणि रहदारीवरून ठरते. दसरा ते दिवाळी या दिवसांत सोयाबीनने भरलेली वाहने बाजार समित्यांकडे धावू लागतात आणि सणासाठी गावी परतणाऱ्यांची गर्दी होते, तेव्हा हा रस्ता वर्षात सर्वांत भरलेला असतो, आणि नेमका याच सुमारास कुत्र्यांच्या आयुष्यातला सर्वांत नाजूक काळ सुरू होतो.

या योगायोगामागे शरीरशास्त्र आहे. भाद्रपद हा कुत्र्यांच्या समागमाचा महिना, हे मराठी बोलण्यात इतके मुरलेले आहे की त्यावरून माणसांनाही टोमणे मारले जातात. कुत्रीचा गर्भकाळ साधारण ६३ दिवसांचा असल्याने भाद्रपदात गाभण राहिलेली कुत्री कार्तिकात विते, म्हणजे पिल्लांचे डोळे उघडतात ते दिवाळीच्या आगेमागे. पाळीव कुत्र्यांना हे वेळापत्रक तितकेसे लागू पडत नाही, पण मोकळ्या फिरणाऱ्या देशी कुत्र्यांची बहुसंख्य वीण थंडीच्या तोंडावर होते, असे बंगालमधील निरीक्षणांतूनही दिसले आहे. कोलकात्याच्या भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेतील अनिंदिता भद्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशी ३६४ पिल्ले पाच वर्षांच्या काळात नोंदली, तेव्हा त्यांपैकी जेमतेम १९ टक्के पिल्ले सात महिन्यांची, म्हणजे प्रजननाच्या वयाची झाली, आणि मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक मृत्यूंना या ना त्या प्रकारे माणूस कारणीभूत होता. वाहनाखाली सापडणे, पिल्लू उचलून नेऊन पुढे सोडून देणे, मारहाण करणे, विष घालणे, हे सारे त्यात आले. बीड जिल्ह्यातील माजलगाव तालुक्यातल्या लऊळ गावात डिसेंबर २०२१ मध्ये वानरांनी कुत्र्यांची पिल्ले उचलून झाडांवर व छपरांवर नेल्याच्या घटनेची देशभर चर्चा झाली आणि वन विभागाने अखेर दोन वानरे पकडून नेली. त्या बातमीतील सुडाची कथा बाजूला ठेवली, तर डिसेंबरात एका मराठवाडी खेड्यात उचलून न्यायला इतकी पिल्ले होती, एवढेच त्यातले ध्यानात घेण्याजोगे.

दिवाळीचा त्रास दोन प्रकारचा असतो. पहिला फटाक्यांचा: माणसाच्या कानाला सेकंदाला सुमारे २० हजार कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो, तर कुत्र्याच्या कानाची मर्यादा ४० हजारांच्या पुढे जाते आणि मंद आवाजही त्याला फार दुरून कळतो, त्यामुळे ज्या स्फोटाने माणूस दचकतो त्याने कुत्रा दिशाहीन पळतो, आणि नाक्यासारख्या ठिकाणी पळण्याची वाट महामार्गावरच निघते. दुसरा त्रास कमी बोलला जातो. मराठवाड्यातील अनेक गावांत दिवाळी आटोपली की ऊसतोड मजुरांच्या टोळ्या मुकादमाची उचल घेऊन साखर कारखान्यांच्या पट्ट्यात निघतात. उचल म्हणजे हंगामापूर्वी घेतलेली आगाऊ रक्कम, आणि ती फेडण्यासाठी नवरा-बायकोच्या जोडीने, म्हणजे एका ‘कोयत्याने’, गळीत हंगाम संपेपर्यंत राबायचे असते. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडी, सरपण, शेळी, कोंबड्या आणि पुष्कळदा घरचा कुत्राही चढतो, पण नुकतीच व्यालेली कुत्री बहुधा चढवली जात नाही. ती पिल्लांसह कुलूपबंद घरासमोर राहते, आणि रोजची भाकरी टाकणारा हातच नाहीसा झाल्याने दोन-चार दिवसांत नाक्याची वाट धरते. शहरात सुटीवर जाणारे कुटुंब कुत्र्याला वाऱ्यावर सोडते तेव्हा त्याला निष्काळजीपणा म्हणता येते. ज्याच्या स्वतःच्या चुलीलाच ठिकाणा नाही त्या माणसाला तोच शब्द लावणे अन्यायाचे ठरेल. १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्याचे अकरावे कलम मात्र असा भेद करीत नाही. प्राण्याला उपासमार होईल अशा स्थितीत सोडून देणे हा त्यानुसार गुन्हा आहे, आणि पहिल्या गुन्ह्याचा दंड दहा ते पन्नास रुपये आहे.

याच हिंगोली जिल्ह्यात नर्सी हे गाव संत नामदेवांचे जन्मस्थान म्हणून पूजले जाते, आणि पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव ही कथा महाराष्ट्रातील लहान मुलांनाही ठाऊक असते. दत्ताच्या पायांशी चार कुत्रे असतात, खंडोबाच्या उपासनेत कुत्र्याला मान असतो आणि चंपाषष्ठीला भरीत-रोडग्याच्या नैवेद्यातला घास त्यालाही दिला जातो. पितृपक्षातही गाय आणि कावळ्याबरोबर कुत्र्याचा वाटा काढण्याची रीत आहे. या परंपरेने कुत्र्याला घास दिला, उंबरठा क्वचितच दिला, आणि आजची दत्तकाची चळवळ या घास आणि उंबरठा यांच्यातल्या अंतरात काम करते.

संस्थात्मक इतिहास मुंबईत सुरू होतो. बेवारस कुत्रे ठरावीक महिन्यांत मारण्याची मुभा देणारा नियम तेथे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी झाला होता; १८३२ मध्ये ती मुदत वाढवली गेली आणि प्रत्येक कुत्र्यामागे बक्षीस ठेवल्याने घराच्या दारातली कुत्रीही उचलली जाऊ लागली, तेव्हा ६ जून रोजी, पारशांच्या एका पवित्र दिवशी, कोट भागात जमाव शिपायांवर धावून गेला आणि दुसऱ्या दिवशी बाजार बंद राहिला. पारशी धर्मात मृतदेहावर कुत्र्याची दृष्टी पडू देण्याचा ‘सगदीद’ नावाचा विधी आहे, त्यामुळे हा प्रश्न त्यांच्यासाठी केवळ भूतदयेचा नव्हता. दोनच वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेटजी जीजीभाईंच्या पुढाकाराने मुंबईचा पांजरपोळ उभा राहिला. पांजरपोळ म्हणजे निरुपयोगी, जखमी व बेवारस जनावरांना मरेपर्यंत सांभाळणारी धर्मादाय संस्था, आणि तिच्या प्रेरणांमध्ये कुत्र्यांची ही कत्तल होती. पुढे परळला बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाने जनावरांचे रुग्णालय झाले. तरीही कुत्रे मारण्याचे नगरपालिकांचे धोरण विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत टिकले, आणि ते बदलले दयेपेक्षा हिशेबाने अधिक, कारण कितीही कुत्रे मारले तरी अन्न कायम असल्याने मोकळ्या झालेल्या हद्दीत नवे येत होते. मद्रासमध्ये ब्लू क्रॉस संस्थेच्या चिन्नी कृष्णा यांनी साठच्या दशकातच मारण्याऐवजी नसबंदीचा मार्ग सुचवला होता. मुंबईत १९८५ मध्ये स्थापन झालेल्या ‘द वेल्फेअर ऑफ स्ट्रे डॉग्ज’सारख्या संस्थांनी तो नव्वदच्या दशकात रस्त्यावर उतरवला, आणि २००१ मध्ये तो साऱ्या देशासाठी नियम झाला.

या नियमांची कार्यपद्धती दिसायला साधी आहे. कुत्रा जाळीने किंवा हाताने पकडायचा, पकडल्याची जागा लिहून ठेवायची, नसबंदी करायची, रेबीजची लस टोचायची, ओळखीसाठी कानाला खाच पाडायची, किमान चार दिवस देखरेखीखाली ठेवायचे आणि जेथून आणला तेथेच सोडायचे. परत त्याच जागी सोडणे हा त्यातला सामान्य माणसाला सर्वांत न पटणारा भाग आहे, पण तोच सगळ्या युक्तीचा कणा आहे: लस टोचलेला, वीण थांबलेला कुत्रा आपली हद्द राखतो आणि लस नसलेल्या नवख्याला आत येऊ देत नाही. गोव्यात दरवर्षी घरोघर आणि गल्लोगल्ली फिरून कुत्र्यांचे सामूहिक लसीकरण झाले, एकूण कुत्र्यांपैकी सुमारे सत्तर टक्क्यांना लस मिळाली की रेबीजची साखळी तुटते हे सूत्र पाळले गेले, आणि २०२१ मध्ये ते राज्य रेबीज-नियंत्रित क्षेत्र जाहीर झाले. महाराष्ट्रात २०१९ च्या पशुगणनेत रस्त्यावरचे कुत्रे सुमारे १२ लाख ७६ हजार भरले. नियम २०२३ मध्ये नव्याने आले तेव्हा त्यांनी ‘स्थानिक संस्था’ या शब्दात पंचायतींनाही धरले, म्हणजे जे काम मुंबईसारखी महापालिका खाजगी संस्थांच्या मदतीने तीन दशकांत अर्धेमुर्धे पेलू शकली, ते कागदावर ग्रामपंचायतीच्याही अंगावर आले. शस्त्रक्रियागृह, पिंजरे आणि प्रशिक्षित माणसे कोठून यावीत, याचे उत्तर मात्र नियमांच्या मागोमाग गावात पोहोचत नाही.

दत्तक देण्याची पद्धत ही या यंत्रणेची छोटी, पण अधिक लोकप्रिय शाखा. भारतीय जीवजंतु कल्याण मंडळाने २०२२ मध्ये समुदाय प्राण्यांच्या दत्तकासाठी एक प्रमाण पद्धत घालून दिली, आणि चांगल्या संस्था तीच वाट आधीपासून चालत होत्या: पिल्लू आईचे दूध सोडेपर्यंत, म्हणजे साधारण दोन महिन्यांपर्यंत, हलवायचे नाही, जंताचे औषध द्यायचे, पार्व्हो या पिल्लांच्या प्राणघातक जुलाबाच्या रोगाची आणि पुढे रेबीजची लस द्यायची, घर पाहायचे, घरातील सर्वांची संमती विचारायची, आणि मोठे झाल्यावर नसबंदी करण्याचे लेखी कबूल करून घ्यायचे. कार्तिकातली पिल्ले मार्गशीर्षाच्या अखेरीस या वयाची होतात, त्यामुळे दत्तक शिबिरांचा हंगाम आपोआपच दत्तजयंती ते नाताळ यांच्या आसपास येतो. भेट म्हणून दिलेल्या कुत्र्याची वासलात जानेवारीत लागते, या अनुभवावरून ब्रिटनमधील एका श्वानसंस्थेच्या क्लॅरिसा बाल्डविन यांनी १९७८ मध्ये घोषवाक्य तयार केले होते की कुत्रा आयुष्यभरासाठी असतो, केवळ नाताळापुरता नसतो. महाराष्ट्रात अडचण निराळी आहे. येथे भेट द्यायचे ते विकत घेतलेले लॅब्राडोरचे किंवा पॉमेरेनियनचे पिल्लू असते, आणि आपल्याच हवेत टिकणारे, कमी खाणारे, राखणीला तरबेज असे देशी पिल्लू फुकट मिळत असल्यामुळेच नको असते. लातूर जिल्ह्यातील जानवळ हे गाव पश्मी आणि कारवान जातीच्या शिकारी कुत्र्यांसाठी ओळखले जाते, म्हणजे मराठवाड्याला देशी कुत्र्याची पारख नाही असे नाही. पण ही पारख वंशावळीची आहे, आणि नाक्यावरच्या पिल्लाला वंशावळ नसते.

सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये या व्यवस्थेला धक्के दिले. ऑगस्टमध्ये दिल्ली परिसरातील सर्व कुत्रे निवाऱ्यात हलवण्याचा आदेश झाला, २२ ऑगस्टला तो बदलून रेबीजग्रस्त व आक्रमक कुत्रे वगळता बाकीचे नसबंदी व लसीनंतर मूळ जागी सोडण्यास सांगितले गेले, आणि इच्छुकांना पालिकेकडे अर्ज करून कुत्रा दत्तक घेता येईल, मात्र तो पुन्हा रस्त्यावर येऊ न देण्याची जबाबदारी त्यांची राहील, असेही नमूद झाले. ७ नोव्हेंबरच्या आदेशाने मग शाळा, रुग्णालये, क्रीडासंकुले, बसस्थानके आणि रेल्वे स्थानके येथील कुत्रे उचलून निवाऱ्यात ठेवावेत, तेथे परत सोडू नयेत, असे ठरवले. कनेरगावसारख्या गावात वस्ती, थांबा आणि स्थानक यांच्यातली रेषा कुत्र्याला कशी कळावी, आणि निवारा म्हणजे नेमकी कोणती इमारत, हे प्रश्न त्यामुळे उभे राहतात. घरी नेलेला प्रत्येक कुत्रा या गणितातून एकाने वजा होतो हे खरे. पण एका कुत्रीला एका खेपेला चार-सहा पिल्ले होत असताना दत्तकाची वजाबाकी एकटी पुरी पडत नाही.

म्हणून ज्यांना नाक्यावर नसबंदीचे काम करायचे आहे त्यांच्यासाठी पंचांगातला महत्त्वाचा भाग दिवाळीचा नाही. नियमांनुसार सहा महिन्यांखालील कुत्र्यावर नसबंदीची शस्त्रक्रिया करता येत नाही, आणि दोन महिन्यांखालील पिल्ले अंगावर असलेली आई पकडता येत नाही. म्हणजे कार्तिक-मार्गशीर्षात फक्त पिल्ले वाचवणे, लस टोचणे आणि घरे शोधणे एवढेच शक्य असते. आई पौष-माघात मोकळी होते. पिल्लांपैकी जी रस्त्यावर तगली ती वैशाखात सहा महिन्यांची होतात, तोवर कारखान्यांची धुराडी थंडावलेली असतात, ऊसतोडीच्या टोळ्या गुढीपाडव्याच्या आसपास घरी परतलेल्या असतात आणि फडावर मागे लागलेले एखादे नवे कुत्रेही त्यांच्याबरोबर आलेले असते. तेथून पुढच्या भाद्रपदापर्यंत ज्येष्ठ, आषाढ आणि श्रावण असे तीन महिने उरतात, आणि त्यांतलाही एकच, ज्येष्ठ, बव्हंशी कोरडा असतो.