पुढाऱ्याविना मोर्चा
कोपर्डीत एका मुलीवर झालेल्या अत्याचार आणि हत्येच्या घटनेनंतर ९ ऑगस्ट २०१६ रोजी औरंगाबादेत मराठा मूक मोर्चा निघाला, तेव्हा पहिला प्रश्न आला, ‘यामागे कोण?’ समोर पुढारी दिसत नाही म्हणजे पडद्याआड कुणीतरी असणारच, हा आपला जुना समज. प्रत्यक्षात अशा मोर्चांची आखणी गावोगावच्या बैठकांत आणि व्हॉट्सॲपवर व्हायची. क्रम ठरलेला: पुढे मुली आणि महिला, त्यांच्यामागे पुरुष, राजकीय नेते अगदी शेवटी. घोषणा नाहीत. जिल्हाधिकाऱ्यांना निवेदन मुलीच देत. मागून स्वयंसेवक रस्त्यावरच्या पाण्याच्या रिकाम्या बाटल्या उचलत जात. एवढी शिस्त हुकूम सोडून येत नाही, असं मला ठामपणे वाटतं. पण खरी कसोटी वाटाघाटींची. सरकारशी बोलायला कोणी बसायचं आणि कोणाचा शब्द सगळ्यांनी मानायचा, हे अशा आंदोलनात आधी ठरलेलं नसतं.